वऱ्हाडच्या शिवारातली रेंज

1870 हे साल वऱ्हाडच्या कापसाच्या इतिहासात दोन कारणांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते खामगावच्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी सुएझ व एडनमार्गे समुद्रतळावरून टाकलेली तार मुंबईच्या किनाऱ्याला येऊन लागली. मुंबईहून भुसावळ, अकोला, बडनेरा करीत नागपूरला जाणारा लोहमार्ग त्यापूर्वी तीन वर्षे, 1867 मध्ये, पुरा झाला होता. लिव्हरपूलच्या बाजारातला रुईचा जो भाव पूर्वी आगबोटीच्या टपालाने कित्येक आठवड्यांनी कळावयाचा, तो आता काही दिवसांत आणि पुढे काही तासांत वऱ्हाडातल्या आडत्यांच्या कानी येऊ लागला. आणि अमेरिकेतील यादवी युद्धाने ज्या काळ्या जमिनीकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले होते, त्या जमिनीतल्या पिकाचे मोल सातासमुद्रापलीकडे ठरत असल्याची जाणीव इथल्या माणसाला रोजच्या रोज होऊ लागली.

त्या व्यवस्थेत संदेशाला दिशा मात्र एकच होती. भाव बाहेरून येई, बाजारात उच्चारला जाई, आणि कास्तकाराने तो ऐकून आपली गाडी जुंपावी किंवा न जुंपावी एवढेच त्याच्या हाती उरे. शिवारातून कोणी काही पाठवावे, अशी त्या तारेची अपेक्षा नव्हती आणि तशी सोयही नव्हती. आकाशवाणी आली, दूरदर्शन आले, शेतकऱ्यांसाठी बाजारभावाची सदरे आली, तरी दिशा तीच राहिली: शहराने बोलावे आणि खेड्याने ऐकावे.

गेल्या चार-पाच वर्षांत ही दिशा उलटली आहे, आणि हा पालट इतक्या निमूटपणे झाला की त्याचा अर्थ आपण पुरता ध्यानी घेतला आहे असे मला वाटत नाही. सातबाऱ्यावरचा पीकपेरा, जो पूर्वी तलाठी आपल्या दप्तरात नोंदवीत असे, तो 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीनुसार खातेदाराने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह काढून सरकारकडे पाठवावयाचा असतो. भारतीय कपास निगमाला 2025-26 च्या हंगामात हमीभावाने, म्हणजे मध्यम धाग्याला क्विंटलमागे 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये ह्या दराने, कापूस विकावयाचा तर ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर आधी नोंदणी करणे बंधनकारक झाले. जुन्या पीकविमा पद्धतीत अतिवृष्टीने वा गारपिटीने पीक गेले की 72 तासांच्या आत कळविण्याची अट होती, आणि ते कळविण्याचे हुकमी साधन हाताशी असलेला फोनच होता. अंगणवाडी सेविकेने बालकाचे वजन आणि उंची पोषण ट्रॅकरवर चढवावी, रेशन दुकानदाराने अंगठ्याचा ठसा ई-पॉस यंत्रातून क्षणात पाठवावा, वृद्ध निवृत्तिवेतनधारकाने हयातीचा दाखला चेहरा दाखवून द्यावा, अशा एकेका फर्मानाने तहसील कचेरीचा मोठा हिस्सा माणसाच्या खिशात येऊन बसला आहे.

म्हणून अमरावती आणि अकोला ह्या दोन जिल्ह्यांतील मोबाइलच्या वेगाची आणि रेंजच्या भरवशाची चौकशी करताना, ‘माहिती फोनवर किती वेगाने येते’ ह्या प्रश्नाआधी ‘ती शिवारातून किती खात्रीने जाते’ हा प्रश्न विचारला पाहिजे, असे माझे मत झाले आहे. जाहिरातींतले, स्पर्धांतले आणि संसदेतल्या उत्तरांतलेसुद्धा आकडे बहुतेक सर्व येण्याच्या वेगाचे असतात. जाण्याच्या वेगाविषयी जो तो मौन पाळतो.

येण्याच्या वेगात देशाने केलेली प्रगती खरी आहे, आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसू ह्यांनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम ह्यांच्याशी पहिले मोबाइल संभाषण केले, त्या काळी मिनिटामागे मोजावे लागणारे पैसे आठवले म्हणजे आजची स्वस्ताई अद्भुत वाटते. 1 ऑक्टोबर 2022 रोजी दिल्लीत 5जी सेवेचा शुभारंभ झाला, आणि वर्षभरातच ऊक्ला ह्या वेगमापन करणाऱ्या संस्थेच्या जागतिक सूचीत भारत 119 व्या क्रमांकावरून 47 व्या क्रमांकावर आला. सप्टेंबर 2022 मध्ये सेकंदाला 13.87 मेगाबिट असलेला देशाचा मध्यक वेग ऑगस्ट 2023 मध्ये 50.21 मेगाबिटांवर गेला. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या गोरक्षण रोडवर नवा फोन हाती घेऊन उभे राहिले तर शेकड्यांतले आकडे दिसतात, आणि ते खोटे नसतात. खोटी असते ती आपण त्यांवरून काढलेली कल्पना, की चौकात जे दिसले ते घरात, शेतात आणि घाटातही तसेच असेल.

ह्याचे कारण लहरींच्या स्वभावात आहे. 5जीसाठी आज आपल्याकडे प्रामुख्याने दोन पट्टे वापरात आहेत. एक 3300 मेगाहर्ट्झचा, ज्याच्या लहरीची लांबी जेमतेम 9 सेंटिमीटर. दुसरा 700 मेगाहर्ट्झचा, ज्याची लहर सुमारे 43 सेंटिमीटर लांब. पहिल्या पट्ट्यात जागा ऐसपैस असल्यामुळे वेग प्रचंड मिळतो, परंतु ती आखूड लहर भिंतीला अडते, ओल्या पानांना अडते, आणि अंतर वाढताच क्षीण होते. दुसरी लहर दूरवर जाते, भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण त्या पट्ट्यात जागा अरुंद: 2022 च्या लिलावात जिओने प्रत्येक दूरसंचार परिमंडळात घेतलेली येण्या-जाण्याच्या पट्ट्यांची जोडी प्रत्येकी 10 मेगाहर्ट्झची आहे. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा, की टॉवरजवळच्या माणसाच्या फोनवर जे 5जीचे चिन्ह दिसते तेच चिन्ह गावाबाहेरच्या मळ्यातही दिसू शकते, आणि तरीही दोन ठिकाणच्या वेगात दसपटीचे अंतर असू शकते. त्यात आणखी एक गोम आहे. ज्या जाळ्यात 5जी हे 4जीच्या आधारावर उभे केलेले असते, तिथे जवळपास 5जी उपलब्ध आहे एवढी सूचना 4जीच्या टॉवरने दिली तरी पुष्कळ फोन ते चिन्ह झळकवतात. प्रत्यक्षात काम मात्र 4जीवरच चाललेले असते.

रेंजच्या दांड्यांचीही गत तीच. किती सामर्थ्याला किती दांड्या दाखवाव्यात ह्याचा सर्वमान्य असा दंडक नाही. प्रत्येक उत्पादक आपापले कोष्टक वापरतो. 2010 साली आयफोन 4 च्या तक्रारी वाढल्या तेव्हा, दांड्या ठरविण्याचे आपले सूत्र साफ चुकीचे होते अशी कबुली ॲपल कंपनीने जाहीर पत्रातून दिली होती. शिवाय दांड्या सांगतात त्या लहरीच्या बळाविषयी. एकाच टॉवरवर त्या घटकेला किती माणसे लोंबकळत आहेत ह्याविषयी त्या काही बोलत नाहीत. “रेंज पुरी दाखवते भाऊ, पण नेट चालतच नाई,” ही जी तक्रार पायनघाटातल्या कोणत्याही गावच्या पारावर ऐकू येते, तिचे शास्त्रीय उत्तर ह्यातच आहे. टॉवरची क्षमता सामायिक असते. संध्याकाळी गावातले सगळे फोन एकदम जागे झाले की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे जल घेऊन कावडी अकोल्यात राजराजेश्वराच्या दर्शनाला येतात, किंवा नवरात्रात अमरावतीला अंबादेवीच्या परिसरात माणसांचा पूर लोटतो, तेव्हा भर शहरात, टॉवरच्या सावलीत, साधा निरोप जाण्यासही विलंब लागतो तो ह्यामुळेच.

आता जाण्याच्या दिशेकडे वळू. टॉवरवरचे प्रक्षेपक दहा-वीस वॅटांपासून शेकडो वॅटांपर्यंत शक्ती ओततात. हातातला फोन साधारणतः एक-पंचमांश वॅट, म्हणजे 200 मिलिवॅट, एवढीच शक्ती लावू शकतो. मोठा ध्वनिक्षेपक लावून सभेत बोलणाऱ्याचे शब्द शेताच्या पार टोकाला पोहोचावेत, परंतु त्या टोकावरून माणसाने घसा फोडून दिलेले उत्तर व्यासपीठापर्यंत जाऊ नये, तसा हा प्रकार आहे. त्यात 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच वाटेने आळीपाळीने येणे-जाणे चालते, आणि वेळेचा मोठा वाटा येण्याला दिलेला असतो, कारण शहरातला ग्राहक चित्रपट पाहतो, पाठवीत काही नाही. परिणाम असा, की टॉवरच्या हद्दीच्या कडेला बसलेल्या माणसाला चलच्चित्र दिसते, बातम्या येतात, पण त्याच जागेवरून पिकाचे छायाचित्र जात नाही. 3 मेगाबाइटचे एक छायाचित्र म्हणजे 24 मेगाबिट. जाण्याचा वेग सेकंदाला 5 मेगाबिट असेल तर ते पाच सेकंदांत जाईल. तो दशांश मेगाबिटावर आला तर चार मिनिटे लागतील, आणि त्या चार मिनिटांत एकदा जरी दुवा तुटला तरी कित्येकदा सारे पहिल्यापासून आरंभावे लागते. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये छायाचित्र साठवून, नंतर रेंजमध्ये येऊन ते पाठविण्याची सोय आहे, हे तिच्या योजकांच्या बाजूने सांगितले पाहिजे. सगळ्याच ॲपांना ही सुबुद्धी झालेली नाही.

वऱ्हाडचे जुने भौगोलिक विभाग तीन: उत्तरेला सातपुड्याचा मेळघाट, मध्ये पूर्णेच्या खोऱ्याचा पायनघाट, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा बालाघाट. सुलतानशाही गेली, निजामी गेली, 1853 नंतर इंग्रजी अंमल आला आणि गेला, तरी ही विभागणी टिकून राहिली. आणि मोबाइलच्या लहरींनीही ती जशीच्या तशी मान्य केलेली दिसते.

पायनघाट हा लहरींना अनुकूल मुलूख आहे. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर ह्या पट्ट्यात जमीन सपाट, खारपाणपट्ट्यात तर मोठी झाडेही विरळ. टॉवर उंच असेल तर लहर दूरवर विनाअडथळा जाते. इथली अडचण वेगळी आहे. शिवारात रेंज असते आणि घरात शिरताच ती जाते, कारण घरावर टिनाची पत्रे असतात, आणि धातूचा पत्रा लहरीला जवळजवळ पूर्णतः परतवून लावतो. जी काही आत येते ती दारा-खिडक्यांतून. अमरावतीच्या परकोटाच्या आत, जवाहर गेटपासून नागपुरी गेटपर्यंतच्या जुन्या वस्तीत, आणि अकोल्याच्या जुन्या शहरातील जाड भिंतींच्या वाड्यांत हाच अनुभव दुसऱ्या कारणाने येतो. फोन नवा घेतला म्हणून भिंत पातळ होत नाही. घरात तारेचे इंटरनेट असेल तर वाय-फायवरून बोलण्याची जी सोय 2019 च्या अखेरीपासून आपल्याकडे उपलब्ध झाली, तीच अशा घरात सर्वांत भरवशाची. ती फोनच्या सेटिंगमध्ये एकदा चालू करावी लागते, आणि नेमके हेच पुष्कळांना कोणी सांगितलेले नसते.

शहरांतल्या एका विरोधाचाही इथे उल्लेख केला पाहिजे. वस्तीत टॉवर नको, किरणोत्साराने अपाय होतो, अशी निवेदने दिली जातात. त्यांतली काळजी प्रामाणिक असते. परंतु भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणलेली आहे, आणि टॉवर जितका दूर तितका आपल्या कानाशी असलेला फोन अधिक शक्तीने ओरडतो, हा साधा हिशेब त्या निवेदनांत नसतो. आपल्या भागातील टॉवरांची माहिती ‘तरंग संचार’ ह्या सरकारी संकेतस्थळावर 2017 पासून पाहता येते. निवेदन लिहिण्यापूर्वी ती पाहावी.

मेळघाटात मात्र सगळेच गणित बदलते. परतवाड्याहून निघून सेमाडोह, हरिसालवरून धारणीला जाणारा रस्ता सिपना नदीच्या खोऱ्यातून, सागवानाच्या रानातून आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून जातो. चिखलदरा 1,118 मीटर उंचीवर आणि कोरकू आदिवासींची पुष्कळ गावे खाली खोल दऱ्यांत. डोंगराची एक सोंड मध्ये आली की दोन किलोमीटरवरचा टॉवरही नसल्यासारखा. सागाची पाने रुंद असतात, पावसाळ्यात ती भिजून जड होतात आणि लहरी शोषतात. उन्हाळ्यात रान निष्पर्ण झाले की त्याच जागी रेंज किंचित सुधारते. 1974 साली घोषित झालेला मेळघाट व्याघ्र प्रकल्प हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. तिथे टॉवर उभारणे किंवा रस्त्याच्या कडेने तंतुवाहिनी पुरणे म्हणजे वनखात्याच्या आणि वन्यजीव मंडळाच्या परवानग्यांची लांबलचक वाट चालणे होय. त्या परवानग्या निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही, वाघाचे रानही राखलेच पाहिजे. पण त्यांचा निकाल लागण्यास मुदत असावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

तंतुवाहिनी जिथे पोहोचत नाही तिथे एक टॉवर दुसऱ्याशी सूक्ष्मलहरींच्या तबकड्यांनी जोडलेला असतो. फोनच्या लहरींना पावसाची फारशी बाधा होत नाही. परंतु तबकड्यांच्या 15, 18 किंवा 23 गिगाहर्ट्झच्या लहरींना मुसळधार पाऊस खाऊन टाकतो. म्हणून आषाढातल्या झडीत फोनवर दांड्या पूर्ण असतात आणि तरी जगाशी संबंध तुटलेला असतो: टॉवर बोलतो आहे, पण त्याचे ऐकून पुढे सांगणारा दुवाच मिटलेला. वीज गेली तर बॅटरी काही तास पुरते, पुढे डिझेल पोहोचले तर पोहोचले. बाळंतीण अडली असताना 108 ला फोन लावावयाचा, तर ज्या टेकाडावर रेंज लागते तिथवर कोणीतरी धावत जावे लागते; मेळघाटात अशा टेकाडांची माहिती लहान मुलांनाही असते.

ह्याच मेळघाटातील हरिसाल हे गाव 2016 च्या सुमारास राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी ह्यांच्या सहकार्याने ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजले. कल्पना शास्त्रदृष्ट्या उत्तम होती. दूरचित्रवाणी प्रक्षेपणासाठी राखलेल्या पट्ट्यातील रिकाम्या जागा वापरावयाच्या, म्हणजे कमी कंपनसंख्येची लहर डोंगर-झाडांतूनही दूर जाईल, आणि त्यावर दवाखाना, शाळा आणि बँक जोडावयाची. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे ह्यांनी आपल्या सभांतून त्याच गावाच्या चित्रफिती दाखवून तिथल्या सोयींविषयी प्रश्न उभे केले, सरकारपक्षाने त्यांचे खंडन केले, आणि हरिसाल हे नाव प्रचाराच्या धुळीत सापडले. त्या वादात कोणाचे किती खरे होते ह्यापेक्षा एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: एका गावाला आदर्श करून दाखविणे आणि त्याच्या शेजारच्या दहा गावांत साधी बोलण्याची रेंज रोज टिकविणे, ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसऱ्याला छायाचित्रकार येत नाहीत. केंद्राने जुलै 2022 मध्ये 24,680 वंचित गावांत 4जी पोहोचविण्यासाठी 26,316 कोटी रुपयांची जी योजना मंजूर केली, आणि 27 सप्टेंबर 2025 रोजी झारसुगुडा येथून बीएसएनएलच्या स्वदेशी 4जी जाळ्याचा जो प्रारंभ झाला, त्यांचे मोल मेळघाटासारख्या मुलखात ठरेल. त्यामागचा पैसाही आपलाच आहे: दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे 5 टक्के सार्वत्रिक सेवेच्या निधीत जातात, आणि 2023 च्या कायद्याने त्या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव मिळाले आहे.

वऱ्हाडच्या उन्हाविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. 26 मे 2020 रोजी अकोल्याचे तापमान 47.4 अंशांवर गेले होते, आणि 45 अंश ही तिथल्या मे महिन्याची नित्याची गोष्ट आहे. ॲपल आपल्या फोनच्या वापरासाठी भोवतालच्या हवेची वरची मर्यादा 35 अंश सांगते. फोन तापला की त्याचा रेडिओ कमी शक्तीवर जातो आणि रेंज क्षीण होऊ शकते, हेही तीच कंपनी आपल्या मार्गदर्शनात लिहिते. इतर पुष्कळ फोनही तापल्यावर 5जी सोडून 4जीवर उतरतात. म्हणजे मार्चपासून जूनपर्यंत दुपारच्या वेळी अकोल्यातला ॲपलचा फोन बहुतेक वेळा त्याच्या निर्मात्याने आखलेल्या हद्दीबाहेर काम करीत असतो. समशीतोष्ण देशांत, वातानुकूलित दालनांत केलेल्या फोनच्या परीक्षणांना वऱ्हाडात किती अर्थ आहे, हे ह्यावरून समजावे. ऊन डोक्यावर असताना फोन गाडीच्या काचेमागे किंवा दुचाकीच्या दांडीवर लावून ठेवू नये, आणि पाठवावयाचे ते सकाळी पाठवावे, ही सूचना साधी असली तरी पैसे न लागणारी आहे.

नवा फोन घेतल्याने रेंज सुधारते काय, हा प्रश्न दुकानात रोज विचारला जातो. उत्तर एका शब्दात देता येत नाही. नव्या फोनला अधिक पट्टे समजतात, एकाच वेळी अनेक पट्टे जोडून वेग वाढविण्याची विद्या त्याला अवगत असते, आणि चांगल्या फोनांत चार-चार अँटेना एकत्र ऐकतात. परंतु कमी कंपनसंख्येच्या लांब लहरीला जी ऐसपैस अँटेना लागते, तिला आजच्या पातळ, काचेच्या आणि धातूच्या देहात जागा उरत नाही. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठातील गर्ट पेडरसन ह्यांनी हातात धरलेल्या आणि कानाशी लावलेल्या फोनांची मोजणी केली, तेव्हा एकाच काळातल्या नामांकित फोनांमध्ये, इतकेच काय एकाच फोनच्या डाव्या आणि उजव्या हातातल्या कामगिरीतही, मोठी तफावत आढळली. किमतीवरून ही तफावत ओळखता येत नाही. दुसरी गोष्ट सुसंगतीची. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेला रेडमी ए4 5जी हा स्वस्त फोन केवळ स्वतंत्र उभारणीच्या 5जीवर चालणारा होता, त्यामुळे 4जीच्या आधाराने उभ्या असलेल्या एअरटेलच्या 5जीवर तो चालत नसे. नाव 5जी, आणि ग्राहकाच्या सिमवर 4जी. आयफोनधारकांनाही 2022 च्या शुभारंभानंतर डिसेंबरातील सॉफ्टवेअर येईपर्यंत 5जीची वाट पाहावी लागली होती. फोनच्या खोक्यावर शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींचा आकडा, ज्याची मर्यादा किलोमागे 1.6 वॅट आहे, तो सापडतो. कोणते पट्टे चालतात आणि अँटेना किती बळाने पाठविते, हे मोठ्या अक्षरांत कोठे सापडत नाही. ते छापण्याची सक्ती झाली पाहिजे.

साधन निकृष्ट असेल तर त्याचा जाच कोणाला होतो, हे अंगणवाडी सेविकांनी दाखवून दिले आहे. सरकारने दिलेले, अपुऱ्या स्मरणशक्तीचे आणि सारखे बंद पडणारे फोन राज्यातील हजारो सेविकांनी ऑगस्ट 2021 मध्ये परत केले. त्यांची मागणी चैनीची नव्हती. जे काम सक्तीचे आहे त्याचे साधन चालणारे असावे, एवढीच ती होती. शिवारातल्या रेंजविषयी हेच तत्त्व लागू पडते.

आता कायद्याकडे पाहू. भारतात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यास 2023 पासून येण्याचा किमान वेग 2 मेगाबिट लागतो. जाण्याच्या वेगाविषयी त्या व्याख्येत अट नाही. अमेरिकेच्या नियामकाने मार्च 2024 मध्ये घरगुती जोडणीसाठी 100 येण्याचे आणि 20 जाण्याचे, असे दोन्ही आकडे ठरविले. आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे 2024 चे गुणवत्ताविषयक विनियम पुष्कळ अंशी स्वागतार्ह आहेत: कंपन्यांनी आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत, आणि सेवा दीर्घकाळ बंद पडल्यास ग्राहकाला भरपाई द्यावी, हे त्यांत आले आहे. परंतु खंडित सेवेचा हिशेब जिल्हा हे एकक धरून होतो. एकट्या अमरावती जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 12,200 चौरस किलोमीटर, तालुके 14. धारणी तालुक्यातली चार गावे आठवडाभर मुकी राहिली तरी जिल्हा बोलतच असतो, आणि कागदावर खंड पडत नाही.

मोजणीचेही तसेच आहे. प्राधिकरणाच्या स्वतंत्र चाचण्या मुख्यतः मोटारीतून, रस्त्याने होतात. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अखंड अंथरून गिनेसचा विक्रम नोंदविला गेला. आज त्या मार्गाने जाताना बहुतेक वेळ फोन चालतो, कारण कंपन्यांनाही रस्त्याचे मोल कळते. त्या रस्त्यापासून दोन कोस आत, पांदणीच्या टोकाला जे शेत आहे, तिथे मोजणीची गाडी जात नाही. कास्तकाराचा गट मात्र तिथेच असतो, आणि छायाचित्र त्याच गटात उभे राहून काढावयाचे असते.

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पहिली नियामकाकडे: किमान वेगाच्या व्याख्येत जाण्याचा वेग घालावा, मोजणी रस्त्यावरून शिवारात न्यावी, आणि खंडित सेवेचा हिशेब जिल्ह्याऐवजी महसूल मंडळाच्या पातळीवर ठेवावा. दुसरी राज्य सरकारकडे आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे: ज्या गावांत रेंज नाही किंवा टिकत नाही, त्यांची यादी तलाठी आणि ग्रामसेवक ह्यांच्याकडून दरसाल मागवावी, ती ग्रामसभेत वाचून दाखवावी, आणि त्या यादीतल्या गावांना कोणत्याही ॲपची मुदत लागू करू नये, तिथली नोंद तलाठ्याने पूर्वीप्रमाणे कागदावर घेऊन पोच द्यावी. वाचकांनी आपल्या परीने एवढे करावे: कंपनीच्या नकाशावर आपले शिवार पाहावे, नकाशा रेंज दाखवीत असेल आणि शेतात ती नसेल तर लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा, तेवढ्याने भागले नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे, आणि त्या तक्रारींची प्रत येत्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.